बोरदऱ्यासाठी तीन टोल

"तीन वर्षांत बोरदऱ्यात अकरा वणवे. आणि अकराही वेळा धोक्याचा टोल या बनुबाईनंच दिलाय." सम्राट साळवेने नोंदवही मिटली. "कानिफनाथ, तुम्हाला यात काहीच खटकत नाही?"

"खटकायचं काय, साहेब? तिच्या टोलावर तर आपलं रान उभं हाय," वनरक्षक कानिफनाथ छाती फुगवून म्हणाला. "अकरा वणवे लागले, पन एकानंबी जाळरेषा वलांडली न्हाई. अख्ख्या पारनेर तालुक्यात दाखवा असं दुसरं रान!"

सम्राटला वनक्षेत्रपाल म्हणून इथे येऊन जेमतेम महिना झाला होता. साल सत्त्याण्णव. गारमाथ्याच्या पठारावर पवनचक्क्या उभारायचं घाटत होतं. वारा मोजायचा उंच खांब रोवूनही झाला होता. चक्क्या येण्याआधी या जंगलाला आगीचा धोका किती आणि कुणापासून, याचा अहवाल त्याला पंधरा दिवसांत द्यायचा होता.

पठाराच्या कडेला बनुबाईची झोपडी होती. दारातल्या लिंबाला लोखंडी रुळाचा तुकडा टांगलेला. एक टोल म्हणजे गावामागचं रान, दोन म्हणजे खिंड, तीन म्हणजे बोरदरा. टोल पडला की वाडी हातातलं काम टाकून पळायची.

पण सम्राटने नकाशावर पट्टी ठेवून पाहिलं होतं. झोपडी आणि बोरदरा यांच्यामध्ये अख्खा डोंगर आडवा होता. धूर त्या डोंगराच्या वर येईपर्यंत आग हाताबाहेर गेलेली असती. बनुबाईचा टोल मात्र त्याच्या कितीतरी आधी पडायचा.

मग तिला कळायचं कसं? तिचा मुलगा सहादेव रोज त्याच दरीत मेंढरं चारायचा. नवं गवत लवकर फुटावं म्हणून वाळलं गवत पेटवणारे लोक सम्राटने आधीच्या नोकरीत पाहिले होते. लेकाने आग लावायची आणि आईने टोल द्यायचा. हिशोब जुळत होता.

"साहेब, त्या बाईचं एक सांगू का..." कानिफनाथने तोंड उघडलं.

"चौकशी संपल्यावर सांगा. कुणाची बाजू ऐकून मला निघायचं नाही."

ते पोचले तेव्हा बनुबाई दारात बसून वाखाचा दोर वळत होती. साठी उलटलेली, ताठ कण्याची बाई.

"या साहेब. नवे बूट घसरत्याल हितल्या खडकावर, जपून या."

सम्राटने तिच्यापुढे नकाशा पसरला. "आजी, हे तुमचं घर. हा बोरदरा. मधे हा डोंगर. आता सांगा, तुम्हाला इथून दरी दिसते?"

तिने नकाशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बोटं दोरावर चालूच. "न्हाई दिसत."

"मग आग लागल्याचं कोण सांगतं? सहादेव?"

आता तिचे हात थांबले. "साहेब, माझ्या लेकानं ह्या रानातली काडी कदी मोडली न्हाई. त्याच्यावर आळ घेनार असाल तर आदी माझी परीक्षा घ्या."

तिचा तोरा सम्राटला झोंबला. परीक्षाच घ्यायची, असं त्याने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी गहिनीनाथ नावाच्या वनरक्षकाला त्याने गुपचूप बोरदऱ्यात धाडलं. जाळरेषेवर, म्हणजे गवत काढून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यात, खड्डा खणायचा, शेजारी पाण्याचे दोन डबे ठेवायचे आणि खड्ड्यात मूठभर पाला पेटवायचा. "वेळ तुझी तू ठरव. मलासुद्धा सांगू नकोस."

स्वतः तो बनुबाईच्या दारात बसला. सहादेवला समोर बसवलं. कानिफनाथलाही हलू दिलं नाही. खिशात अहवाल तयार होता: सहादेवला चराईबंदी करावी, झोपडी पठारावरून उठवावी.

अकरा वाजले. बारा वाजले. सम्राटची नजर डोंगराच्या धारेवरून हटत नव्हती. आभाळ स्वच्छ होतं. खांबावरच्या वाट्या गरगर फिरत होत्या.

बनुबाई नातवंडांचं काहीबाही सांगत होती. वाक्य अर्धंच टाकून ती उठली.

"बोरदरा," ती म्हणाली. "पाला हाय, गवत न्हाई. कुनीतरी हातानं लावलाय."

सम्राटने धारेकडे पाहिलं. धुराची रेघसुद्धा नव्हती. तोवर टोल पडलेही. एक, दोन, तीन.

पाहता पाहता वाडी रिकामी झाली. हातात हिरवे डहाळे घेतलेले बाप्ये, कमरेला पदर खोचलेल्या बाया, सगळ्यांत पुढे सहादेव. चाळीस माणसं डोंगर ओलांडून गेली. सम्राटही धापा टाकत मागे धावला. पोचला तेव्हा गहिनीनाथ भांबावून उभा होता आणि लोकांनी खड्डा मातीने बुजवलाही होता.

"काडी ओढून अर्धा तासही झाला नसेल, साहेब," तो पुटपुटला.

सम्राटने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, आग त्यानेच लावायला सांगितली होती. कुणी रागावलं नाही. उलट हसू पिकलं. "मंग पास झालो का आमी?" एका बाईने विचारलं.

त्याने खिशातला कागद काढला आणि फाडला. नवा अहवाल कसा लिहायचा ते वाटेतच त्याच्या मनात ठरलं: या जंगलाला या वाडीपासून धोका नाही, ही वाडी आहे म्हणून जंगल आहे. चक्क्यांचा रस्ता झोपडी सोडून न्यावा. एवढा अभिमान वाटावा असा अहवाल त्याने आजवर लिहिला नव्हता.

झोपडीपाशी परतल्यावर तो बनुबाईच्या पाया पडला.

"वाऱ्यावर वास आला तुम्हाला, हे कळलं, आजी. पण मीही इथंच बसलो होतो. मला का नाही आला?"

"तुमी धूर दिसायची वाट बघत हुता," बनुबाई हसली. "आन तुमच्या आड डोंगर येतो, साहेब. मी जल्मापासनं आंधळी. माझ्या आड काय येनार?"