चौथ्या मिनिटाचा खोकला

लॉन्सेस्टनच्या श्रोतामंडळात दर रविवारी कुणी ना कुणी आपलं लाडकं रेकॉर्डिंग ऐकवायचं. डेसमंडकडे चेलोवादनाच्या एका जुन्या मैफलीची कॅसेट होती. चौथ्या मिनिटाला श्रोत्यांतून एक खोकला ऐकू यायचा, तो खुद्द त्याचाच! "मी गेलो की चर्चमध्ये हीच लावायची," असं त्याने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

"हे रडगाणं ऐकून तू शवपेटीतून उठून बसशील बाबा," त्याचा जिवलग दोस्त मर्व्ह चिडवायचा. एकदा त्यानेच ती कॅसेट मागून नेली आणि महिन्याभराने तोंड पाडून म्हणाला, "हरवली रे माझ्याकडून." डेसमंडने राग गिळला.

सहा वर्षांनी मर्व्हच आधी गेला. भरलेल्या चर्चमध्ये चेलो सुरू झाला, लोक डोळे पुसू लागले, आणि चौथ्या मिनिटाला डेसमंडला आपलाच खोकला ऐकू आला. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाहेर पडताना मर्व्हच्या बायकोने, नोलाने, त्याच्या हातात कॅसेट ठेवली.



"मर्व्ह सांगून गेलाय, 'माझं काम झालं की डेसची त्याला परत दे.'"