पदरचे दोन

"त्यांना विचारा, आधी चार माणसं सांगितली, मग मुलाखतीत दोनच कशी झाली?" वकीलबाई म्हणाल्या.

दुभाषीने विचारलं. टेबलापलीकडे बसलेल्या म्हाताऱ्या सुईणीने मान हलवली. चार असं आपण कधी म्हणालोच नाही, आले होते ते दोघेच, असं तिने ठासून सांगितलं. नुसत्या हाताने चाचपून पोटात एक आहे की जुळं, हे सांगणारी बाई ती. दारात उभी राहिलेली माणसं मोजायला चुकणार होती थोडीच?

टायरच्या दुकानावरचं हे एका खोलीचं ऑफिस. परक्या देशातून जीव वाचवून आलेल्यांचे अर्ज इथे फुकट लिहून मिळत. सुईणीचा अर्ज नामंजूर होऊन आला होता. अर्जदाराच्या लेखी जबाबात चार इसम असून त्यांपैकी एकाने पाणी मागितले. मुलाखतीत दोन इसम, पाण्याचा उल्लेख नाही. सबब अर्जदार विश्वासार्ह वाटत नाही, असा त्यावर शेरा होता. अपील आज पाचच्या आत पोचायला हवं होतं. नाही पोचलं, तर ज्यांच्या भीतीने ती पळून आली त्यांच्याच पुढ्यात तिला परत नेऊन सोडणार होते. गुन्हा एवढाच, की ज्या घरात कुणी पाऊल टाकायचं नाही असा हुकूम होता, त्या घरच्या सुनेचं बाळंतपण तिने केलं.

"आणि पाण्याचं काय?" वकीलबाईंनी विचारलं.

सुईणीने हे पहिल्यांदाच ऐकलं.

"घर जाळायला आलेल्याला पाणी कोण देतं?" ती म्हणाली.

दुभाषीने ते वाक्य वकीलबाईंना सांगितलं, आणि पहिला जबाब बघायला मागितला.

तिसऱ्या पानावर ते होतं. चौघे आले. एकाने आधी पाणी मागितलं. मी पेला भरून दिला, त्याच्या कडेचा टवका उडालेला होता.

तो पेला दुभाषीच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातला होता.

अकरा वर्षं ती हे काम करत होती. समोरचा बोलेल तेवढंच बोलायचं, पदरचा एक शब्द घालायचा नाही, हा तिचा बाणा. नवीन दुभाष्यांना ती तो इतक्यांदा ऐकवायची की ते तिला पाहून वाट बदलत. तिचा स्वतःचा जबाब मात्र कधी कुणी घेतलाच नव्हता. ती नवऱ्याच्या कागदांवर इथे आली होती. कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

पहिल्या जबाबाच्या दिवशी सुईण "ते आले" म्हणून गप्प झाली होती, आणि मग एकदम घडाघडा बोलत सुटली होती. तिच्यामागून धावताना दुभाषीचं स्वतःचं त्यात कधी मिसळलं, दुधात दूध मिसळावं तसं, ते तिला कळलंही नव्हतं. जबाब वाचून दाखवायचा नियम होता; पण ऑफिस बंद व्हायची वेळ झाली होती, आणि सुईणीने मुकाट्याने अंगठा उठवला होता.

वकीलबाईंनी घड्याळ बघितलं. साडेतीन. त्या दिवसाची घाई त्यांचीच होती, हे त्यांनाही आठवत असावं. वय झालंय, भेदरून आकडा चुकला असं लिहून टाकू, असं त्या म्हणाल्या. दुभाषीने नुसती मान डोलावली असती तरी काम झालं असतं. पण हे कारण वाचून वाचून अर्ज तपासणारे साहेब विटले होते, आणि सुईण त्याच्यावर तरणार नाही, हे दोघींनाही माहीत होतं.

"त्यांचं काही चुकलेलं नाही," दुभाषी म्हणाली. "ते चार माझे आहेत. माझ्या घरी आलेले."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. हे लिहिलं तर तुमचं नाव दुभाष्यांच्या यादीतून जाईल, त्या सावकाश म्हणाल्या. आणि तुम्ही आजवर भाषांतर केलेला प्रत्येक जबाब उकरून काढतील. खालून टायर ठोकल्याचा आवाज येत होता.

"लिहा," ती म्हणाली.

खोलीत जे बोललं जाईल ते अशिलाला त्याच्या भाषेत सांगायचं, हाही नियमच. दुभाषीने सुईणीला सगळं सांगितलं, टेबलाकडे बघत. ऐकून सुईण रागावली नाही. तिने नुसती खुर्ची पुढे ओढली.

"पाणी दिलंस?"

"दिलं, मावशी."

"मग?"

"प्याला. मग माझ्या भावाला घेऊन गेले."

सुईणीने तिचं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं, नाडी बघितल्यासारखं. मग ती म्हणाली, "दोघे माझे, चार तुझे. त्या बाईला सांग पोरी, दोन्ही वेगवेगळं लिही म्हणावं, नीट."

"काय म्हणतायत त्या?" वकीलबाईंनी विचारलं.

दुभाषीने जसंच्या तसं सांगितलं.