आपाची उधळण

"खिसे उलटे कर," रविल म्हणाला.

एल्दियारने निमूट खिसे उलटे केले. किल्ल्या, कंगवा, गोळीचा चुरगळलेला कागद, सगळं रविलच्या टोपीत गेलं. क्लबचा हा म्हातारा मेकॅनिक कसरतीच्या विमानात टाचणीसुद्धा राहू द्यायचा नाही. विमान उलटं झालं की आतली सुटी वस्तू कुठे जाऊन बसेल याचा नेम नसतो. सुकाणूच्या सांध्यात बसली तर संपलंच.

नऊ वर्षांत ही झडती कधी चुकली नव्हती. आणि नऊ वर्षांत बुरुलआपाने, एल्दियारच्या आईने, त्याला आशीर्वाद दिला नव्हता. "घोड्यावरून पडलेला उठतो," ती म्हणायची, "आभाळातून पडलेला उठताना मी तरी पाहिला नाही." लेक हट्टी, तर आई सवाई हट्टी. तो उडायचा त्या दिवशी ती दाराकडे पाठ करून कुरुत वळत बसायची. चक्क्यात मीठ घालायचं, मुठीत घट्ट दाबायचं, उन्हात वाळवायचं. आपाचं कुरुत म्हणजे दगड. बोळक्या रविलला ती मुद्दाम नेऊन द्यायची. "चघळ रे, हिवाळाभर पुरेल!" तिचं कुरुत साऱ्या गावात ओळखू यायचं. लहानपणी विळ्याने तिच्या करंगळीचं टोक गेलेलं. म्हणून गोळ्यावर तीन बोटांचे ठसे पुरे आणि चौथा अर्धा.

यंदा एल्दियार देशाच्या संघात निवडला गेला आणि आपा विरघळली. नवरोजच्या कसरती बघायला ती आपल्या पायांनी मैदानावर आली. कमरेला पिशवी होती.

एल्दियार पट्टे आवळून बसला होता. डोक्यावरची काच अजून मागेच होती. आपा पंखाजवळ आली, तिने तळवे पसरून दुआ मागितली, तोंडावरून हात फिरवले आणि नऊ वर्षांची कंजुषी एका दमात भरून काढली. गोळ्या, चॉकलेटं, कुरुत, मुठीमागून मूठ लेकाच्या डोक्यावर.

"अगं आपा! लग्न आहे का इथे?" रविल ओरडला आणि पंखावर चढला. मांडीवरचं, सीटवरचं, पायांतलं, दिसेल ते त्याने वेचलं. "खाली उतर तू. तळ उघडून बघतो."

"रविलआके, आशीर्वाद घेऊन निघालेला माणूस मागे फिरतो का?" एल्दियार हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "नऊ वर्षं वाट पाहिलीय मी. आता तिच्यादेखत झाडून काढू?"

रविलने आपाकडे पाहिलं. ती रडतही होती आणि हसतही होती. असल्या वेळी कुठल्या माणसाच्या तोंडून नकार निघेल? तो खाली उतरला.

विमानाने एक गिरकी घेतली, दुसरी घेतली. मग पोट आभाळाकडे करून ते मैदानावरून गेलं, सुलटं झालं आणि नाक खाली करून निघालं. रविलच्या कानातल्या यंत्रात एल्दियारचा आवाज आला, "दांडी मागे येत नाही." आपा टाळ्या वाजवत होती. हाही खेळच, असं तिला वाटलं. टेकडीमागून धूळ उठली तरी तिचे हात थांबले नव्हते.

एल्दियारच्या चाळिसाव्या दिवसापर्यंत तिने रविलला घालूनपाडून बोलायचं बाकी ठेवलं नाही. "माझ्या पोराचे खिसे उपसलेस, आणि स्वतः आत काय विसरलास?" रविल मान खाली घालून ऐकायचा. एकदाही उलटून बोलला नाही, तेव्हा गावालाही पटलं की चूक त्याचीच.

चाळिसाव्याच्या जेवणाला चौकशीचा साहेब आला. "शेपटीकडच्या सांध्यात हे अडकलं होतं," असं म्हणून त्याने एक पांढरा गोळा चादरीवर ठेवला. "कुणाचं, ते कळायला हवं."

"माझं," रविल घाईने म्हणाला. "मीच वळलेलं, माझ्या खिशातून पडलं असणार. लिहून घ्या साहेब."

आपा ताडकन उठली. "मेल्या, तुझ्याच खिशातलं!" गोळा त्याच्या तोंडावर फेकून मारायला तिने उचलला, मूठ आवळली, हात वर नेला.

हात तिथेच राहिला. बोटं आपापल्या जागी जाऊन बसली होती.

"रविल," ती म्हणाली, "तुझी तर पाचही बोटं धड आहेत रे."