देव्हाऱ्यातले इंजिन

धाऊने मुंबईच्या कारखान्यात खेळण्यातल्या शर्यतीच्या मोटारीसाठी ते मुठीएवढे इंजिन स्वतः घडवले होते. लढाईवर जाताना ते गावी शेणव्याला आईपाशी ठेवून म्हणाला, “आलो की याचा आवाज ऐकवतो.” ब्रह्मदेशातून आली ती त्याच्या मरणाची तार. दोन वर्षांनी त्याचा पलटणीतला सोबती देवजी पेट्रोलची बाटली घेऊन आला. “मावशे, आज ऐकवतो.” आईने देव्हाऱ्यातले, पूर्वजांच्या टाकांशेजारचे, हळदीने माखलेले इंजिन आणून दिले. देवजीने चाक फिरवून पाहिले. आतला दट्ट्या गंजून जखडला होता. “याला पाणी लागलं गो?” “रोज आंघोळ घालते ना. देवाला पारोसा ठेवतात का रे?” देवजीने पेट्रोलच्या बाटलीचे बूच पुन्हा घट्ट बसवले. तिने त्याच्या बोटांवरचा तांबडा गंज पाहिला. “आता नाय बोलायचा तो?” इंजिन मांडीवर घेऊन, न्हालेल्या लेकराचे कान टिपावेत तशी ती त्यातले पाणी पदराने टिपू लागली.