पहिली प्रत

उत्तमराव वकिलांचा रुपया बाजारातला नव्हता. कलकत्त्याच्या टाकसाळीनं खास शौकिनांसाठी पाडलेला, आरशासारखा लखलखीत. अमरावतीत त्याला कुणी उघड्या बोटानं शिवलंही नव्हतं. पहिल्या प्रतीचा ठरला तरच तो नागपूरच्या प्रदर्शनात जाणार होता, म्हणून अकोल्याहून जाणकार हरिहरपंतांना बोलावलं होतं.

पंत भिंगातून पाहून पाहून थकले. "पंचम जॉर्जच्या गालावर केसाएवढी रेघ आहे. टाकसाळीतच उमटली असेल तर पहिली प्रत, मागाहून पडली असेल तर दुसरी. काही सांगता येत नाही हो!"

उत्तमरावांचं तोंड एवढंसं झालं. तेल्हाऱ्याहून आलेले त्यांचे सासरे खुशालराव कधीचे हे बघत होते. कापूस विकताना खोटे रुपये ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. जावयाचे हाल त्यांना बघवेनात. ते उठले, रुपया उचलला आणि उंबऱ्याच्या दगडावर खणकन् आपटला.

"खरा हाये, जवाईबुवा! कायले घोर करता?"

उत्तमराव उंबऱ्याकडे धावले. पंतांनी भिंगातून रुपयाची चेपलेली कड पाहिली आणि नकारार्थी मान हलवली.

"अजूनई इस्वास नाई?" खुशालराव म्हणाले. "थांबा, पलटून वाजवतो."