अंगठ्याची खूण

नॉर्वेच्या बर्फगार समुद्रात खोल उतरल्यावर, जलरोधक पेटीत बसवलेला कॅमेरा तिने अण्णांसमोर धरला. स्क्रीनवर नुकतीच टिपलेली जेलीफिश कंदिलासारखी उजळली होती. मालवणात जन्मभर फोटो स्टुडिओ चालवलेल्या अण्णांना लेकीचा एकही फोटो आजवर पसंत पडला नव्हता.

अण्णांनी अंगठा वर केला.

पाणबुड्यांच्या खुणांत अंगठा म्हणजे ‘वर चला’. दम लागला, की थंडी बाधली? त्यांना घट्ट धरून ती हळूहळू वर आली.

“अण्णा, काय होतंय?”

“मला काय धाड भरलीय!” अण्णा कुडकुडत खेकसले. “फोटो झकास आलाय, एवढंच सांगत होतो. वर कशाला आणलंस?”

“खाली नीट कळलं नाही,” ती म्हणाली. “परत सांगा ना.”