दर वळणावर स्वागत

शुमावाच्या जंगलातली ती सायकलवाट घडीत आमच्या चेक हद्दीत, तर घडीत जर्मन हद्दीत शिरते. हद्द ओलांडली की ओल्द्रिखच्या खिशातला फोन वाजतो. फोन वाजला की आमचे हे पंच्याहत्तरीचे गृहस्थ खाली उतरतात, सायकल झाडाला टेकवतात, चष्मा शोधतात आणि आलेला संदेश मोठ्यांदा वाचतात, "जर्मनीत आपले स्वागत आहे."

सकाळपासून हेच चाललं होतं. पलीकडच्या खाणावळीतली चूल दोनला विझते आणि मला तिथला तळलेला मासा खायचा होता. फोन परत वाजला. स्वारी परत उतरली.

"अरे म्हाताऱ्या, तोच मजकूर आहे! पाठ करून परीक्षेला बसायचंय का?"

"थांब गं व्लास्ता, वाचू दे जरा."

"दर वेळी?"

त्याने सावकाश चष्मा पुसला.

"तुला ठाऊक आहे, तरुणपणी, कम्युनिस्टांच्या राज्यात, याच झाडीतून पलीकडे पळून जायला निघालो, तर आपल्याच शिपायांनी धरून चार वर्षं आत टाकलं. आता पलीकडचे दर वळणावर 'या, या' म्हणताहेत. न थांबता पुढे निघून जाणं बरं दिसतं का?"